अमृतरावांचं निष्पक्ष यंत्र

लातुरात क्लाससाठी बाहेरगावाहून येणाऱ्या मुलींना खोल्या भाड्यानं देणारे अमृतराव महापुरुषांच्या जयंतीच्या व्यासपीठावर समतेवर तासभर बोलू शकत. घरी मात्र खोली मागायला कुणी आलं की त्यांचा पहिला प्रश्न असे, "आडनाव?" नको ते आडनाव कानावर पडलं की सगळ्या खोल्या भरलेल्या निघत. गल्लीतल्या बाकीच्या घरमालकांचीही हीच रीत. पुढं तक्रारी होऊन हे विचारणं अंगाशी यायला लागलं, तेव्हा या भल्या माणसांनी मिळून एक यंत्र आणलं. टॅबवर माहिती भरली की कृत्रिम बुद्धिमत्ता हिरवा नाहीतर लाल रंग दाखवी. लाल आला की अमृतराव हात जोडून म्हणत, "आमच्या हातात काही नाही."

काउंटरवर त्यांची सून गीतांजली बसे. सासऱ्यांच्या त्या जोडलेल्या हातांची तिला शिसारी येई.

त्या दिवशी लोह्याहून नागाबाई सोनकांबळे लेकीला, बुद्धप्रियाला, घेऊन आल्या. पोरगी हुशार, क्लास सोमवारी सुरू होणार, आणि राहायला जागा नाही. गल्लीभर तेच यंत्र, त्यामुळं सकाळपासून दारोदार लाल रंगच. इथंही लाल.

"ताई, लेकराचं काय चुकलं, तेवढं तर सांगा," नागाबाई म्हणाल्या.

"यंत्राला जातपात कळत न्हाई हो," अमृतराव आतूनच बोलले.

गीतांजलीनं टॅबवर स्वतःची माहिती भरली. हिरवा. मग फक्त आडनाव खोडून सोनकांबळे लिहिलं. लाल.

"मामा, बाहेर या. तुमच्या सुनेला तुमच्याच घरात खोली न्हाई."

अमृतराव आले, पाहिलं, आणि लगेच म्हणाले, "कंपनीची चूक असंल."

"कंपनीला काय दोष देता? आजवर कुणाला ठेवलं नि कुणाला हाकललं, ती समदी माहिती तुम्हीच दिली. तेच शिकलंय ते. मी मानवी हक्क आयोगाकडं तक्रार करणार हाय. यंत्र ठेवायचं तर बाहेरच्या माणसांनी आधी तपासायचं. नकाराचं कारण सांगायचं, आणि त्याचा जाब एका जित्या माणसानं द्यायचा. तोवर हे बंद." तिनं टॅब बंद केला. "आता तुम्हीच सांगा यांना, खोली का न्हाई ते."

अमृतरावांनी सवयीनं पुन्हा हात जोडले.

"सांगा की दादा," नागाबाई शांतपणे म्हणाल्या. "आम्हाला ऐकायची सवय हाय. तुमच्या तोंडून ऐकून जातो."

अमृतराव नागाबाईंकडं न बघताच आत निघून गेले. एवढ्या वर्षांच्या भेदाभेदाचं एक वाक्य समोरच्या बाईला ऐकवायची छाती या पुढाऱ्यात नव्हती.

गीतांजलीनं खोलीची किल्ली बुद्धप्रियाच्या हातात ठेवली.

गल्लीतल्या इतर घरांत ते टॅब अजून चालू आहेत. त्यांच्यामागं बसलेली माणसं चांगली शिकलेली आहेत, रोज पेपर वाचतात, आणि लाल का आला, हे विचारावंसं त्यांतल्या एकालाही वाटत नाही.