हेमलताबाईंनी किती लावलं

सुहासने सहा चिप्स मोजून टेबलाच्या मध्यावर सरकवल्या आणि हाताची घडी घालून तो मागे टेकला. त्याच्या हातात दोन राजे होते. आता निदान दोघांनी पत्ते टाकून डाव सोडायला हवा, असा त्याचा हिशेब होता.

टाकले फक्त त्याच्या आईने. बायकोने, अमृताने, सहा लावल्या, कारण तिच्याकडे दोन्ही पानं बदामाची होती आणि बदाम तिला आवडतो. तिसऱ्या मजल्यावरच्या मालोजी अण्णांनी तर पत्ते धड न बघताच लावल्या.

"अण्णा, आहे काय तुमच्याकडे?"

"काय तरी असेल की. तू एकटा लावलास, एकट्याला सोडून कसं जायचं? स्वल्प बघून जातो."

अण्णांचं यशवंतपूरला लेथचं वर्कशॉप होतं. घराणं इथं कानडी मुलखात इतक्या पिढ्या मुरलेलं की त्यांचं मराठी पहिल्यांदा ऐकून सुहासच्या आईला, हेमलताबाईंना, वाटलं होतं की हे आपली थट्टा करतायत. पंगतीतला शेवटचा माणूस जेवून होईपर्यंत पानावरून उठायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. ती त्यांनी पोकरलाही लावली होती.

सर्जापूर रोडवर सुहासच्या बाराव्या मजल्यावरच्या घरी दर रविवारी जेवणं झाली की हा डाव बसे. एक चिप दोन रुपयांची. तेवढ्यासाठी सुहासने एक तक्ता लॅमिनेट करून आणला होता. हातात कुठली दोन पानं आली तर लावायचं, मधली पानं उघडण्याआधी किती पट लावायचं, सगळं त्यात लाल-हिरव्या चौकोनांत होतं. तक्ता बनवणाऱ्याने मालोजी अण्णा पाहिलेले नसावेत.

राजे हरले. अण्णांकडे सत्ती आणि तिर्री निघाली, आणि मधल्या पानांत आणखी एक सत्ती आणि एक तिर्री.

"सहा कमी पडतात," सुहास आईला समजावू लागला. अण्णांना समजावण्यात अर्थ नव्हता. "थोडं लावलं की सगळ्यांना परवडतं, मग सगळेच आत येतात. कोणी येऊ नये असं वाटत असेल ना आई, तर असं मोठं लावायचं की समोरच्याला पुढे यायची हिंमतच होऊ नये."

"आणि हातात काही नसेल तर?"

"तरी चालतं. तू लावलंस तर मग हमखास. अडीच तासांत एकदा लावलंस, आणि एक्के निघाले. तुझ्यावर कोण संशय घेणार?"

हेमलताबाईंनी मान डोलावली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या इथे सहा आठवड्यांसाठी आल्या होत्या, त्याला पाच महिने झाले होते. त्यांना जयनगरला, आपल्या घरी, एकटीने जायचं होतं. पहाटे पाचला उठून चहा टाकायचा होता आणि का उठलीस, असं कोणी विचारायला नको होतं. मुलगा-सून जिवाला जीव देणारी होती, हीच तर पंचाईत होती. दोन दिवस जाऊन येते म्हटलं की "आपण सगळेच जाऊ" असं होई, सगळे जात, धूळ झटकत, डोसा खात आणि संध्याकाळी त्यांना घेऊन परत येत. एकदा नुसतं तुळशीला पाणी घालून येते म्हणाल्या, तर अण्णासुद्धा गाडीत येऊन बसले.

अमृता पत्ते पिसू लागली. हेमलताबाईंनी पदर सारखा केला.

"शनिवारी मी मिरजेला चाललेय. मथुराकडे. कायमची."

मथुरा त्यांची धाकटी बहीण. अमृताच्या हातातले पत्ते तिथेच थांबले.

"कायमची म्हणजे, आई?"

"म्हणजे सामानासकट. तीही एकटी, मीही एकटी. जयनगरचं घर द्या भाड्याने."

सुहास आईकडे बघत राहिला. अण्णा मात्र खुर्ची पुढे ओढून सरसावले.

"तिकीट काढलात, अक्का? कुठला डबा? बघू की स्वल्प."

हेमलताबाईंचा हात पर्सच्या चेनपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. "काढलंय," त्या म्हणाल्या.

"मग दाखवा की. बर्थ खालचा आहे का ते—"

"अण्णा, राहू दे," सुहास म्हणाला. मग आईकडे वळून, "मिरज नको. एवढ्या लांब नको. तू जयनगरला जा. एकटी राहा. बोलावल्याशिवाय आम्ही येणार नाही."

हेमलताबाईंनी जमेल तेवढे आढेवेढे घेतले. "तू एवढं म्हणतोयस, तर बघते."

"सरी, तसंच होऊ दे," अण्णा म्हणाले. तिकीट बघायचं राहिलं म्हणून ते जरा नाराज होते.

मंगळवारी सुहासने रजा काढली आणि आईची बॅग डिकीत ठेवली. गाडी सोसायटीच्या फाटकाबाहेर पडल्यावर तो म्हणाला, "मथुरामावशी मल्हारकडे गेलीय, दोह्याला. मार्चपर्यंत. ग्रुपवर विमानतळाचे फोटो आहेत."

मल्हार मथुरेचा मुलगा. हेमलताबाई ग्रुपवरचे फोटो कधी उघडत नसत, फोन भरतो म्हणून.

"तुला कधी कळलं?"

"आठ दिवस झाले."

सिग्नलला गाडी थांबली. त्या त्याच्याकडे वळल्या.

"मग पत्ते टाकलेस कशाला?"

"पाच महिने तू एकेक चिप लावत होतीस," सुहास म्हणाला. "आणि मी प्रत्येक वेळी आत येत होतो. मला वाटायचं, मी तुझी काळजी घेतोय."

गिअरवरच्या त्याच्या हातावर हेमलताबाईंनी हात ठेवला आणि सिग्नल सुटेपर्यंत तसाच राहू दिला.

जयनगरला त्याने बॅग आत नेऊन ठेवली, नळ सोडून पाहिला, गॅस पेटवून पाहिला, खिडक्या उघडल्या. आणखी करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा तो उंबऱ्याशी घुटमळला.

"चहा टाकतेयस?"

"रविवारी," हेमलताबाई म्हणाल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.