दहा तास मागितले

शिरूरला स्टँडच्या मागं शेंगदाण्याची गिरणी व्हती. आता पाडली. तिथं मशिनीवर शेंगा फुटायच्या आन् आम्ही बाया फरशीवर बसून दाणे निवडायचो, चांगला दाणा एकीकडं, खवट-किडका एकीकडं. माझं नाव चांगुणा. लोक म्हणत्यात, हिचा राग नाकावर. म्हणू द्या. त्या रागानं एक काम केलंय, तेवढं सांगते.

गिरणीच्या दारातल्या लिंबाला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगला व्हता. मुकादम बबनराव त्याच्यावर हातोडा हाणायचा. सकाळचा टोला उजाडता उजाडता पडायचा, त्यात कवा चूक न्हाई. संध्याकाळचा मात्र त्याच्या मनाला येईल तवा. दिवेलागण होऊन जायची तरी हा बाबा बिडी वढत बसलेला.

आन् आमच्या विहारात बायांचा लिहायवाचायचा वर्ग भरायचा संध्याकाळी. मी धापा टाकत पोचायची तवर बाया पाट्या पुसून उठलेल्या. माझ्यासाठी आणलेली पाटी कोनाड्यात तशीच कोरी. लई जीव जळायचा. मला अक्षर पायजे व्हतं. कुठंबी अंगठा पुढं केला की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

ती पाटी आणलेली सावळाराम आप्पांनी. आप्पा दौंडला रेल्वेत कामाला, सुट्टीला एस्टीनं घरी यायचे. वाचायचं भारी येड. वंदना झाली की विहारात कायबाय सांगत बसायचे. एकदा म्हणाले, "बाबासाहेब ज्या मुलखात शिकाय गेले, त्या अमेरिकेतली गोष्ट हाय. लोवेल म्हणून गाव. तिथं कापडाच्या गिरण्या निघाल्या आन् शेतकऱ्यांच्या पोरी कामाला आल्या. घंटा वाजली की आत, घंटा वाजली की भाईर. उजेडापासून अंधारापातुर काम. तरी त्या पोरी पुस्तकं वाचायच्या, भाषणं ऐकायच्या. शेवटी त्यांनी अर्ज केले, सभा घेतल्या. म्हणाल्या, दहा तास काम करू, वर एक घटका न्हाई. आन् ज्या कापसाचं सूत त्या काढायच्या, तो वेचायला गुलाम व्हते. तर त्या गुलामांना सोडा म्हणूनबी त्यांच्यातल्या कैक जणींनी सह्या केल्या."

सह्या केल्या. ते ऐकलं आन् माझ्या डोळ्याला पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी दाणे निवडता निवडता मी सगळं बायांना सांगितलं. माझ्या शेजारी सोजरबाई बसायच्या. वयानं मोठ्या, मराठ्याच्या, चार एकर जिराईत दुष्काळात करपली म्हणून गिरणीत आलेल्या. माझ्याशी बोलणं गोड, पण पाण्याचा तांब्या त्यांचा त्यांच्यापाशी, माझा माझ्यापाशी. त्यांनी विचारलं, "लोवेल म्हंजी न्हावऱ्याच्या पुढं का गं?"

"लई पुढं," मी म्हणले. "तिथं एस्टी जात न्हाई."

बाया खिदळल्या. पण तवापासून दहा तास हा शब्द आमच्यात घुसला तो घुसलाच. एखादीची पाठ धरली की दुसरी म्हणायची, दहा तास. बबनरावाला वाटायचं आम्ही कसला खेळ खेळतोय.

मग एक दिवस पुण्याचा, कारखाने तपासणारा सरकारी इन्स्पेक्टर गिरणी बघाय येणार असं कळलं. बबनरावानं आम्हाला सकाळीच दम भरला. "सायबापुढं जी तोंड उघडंल तिनं उद्यापासून येऊ नये." दुष्काळ नुकता सरलेला, काम कुठं व्हतं? मी बी भ्याले, खोटं कशाला बोलू. घरात दोन पोरं, नवरा मिळंल ते काम करणारा. पण ती कोरी पाटी डोळ्यापुढनं हलंना.

सायेब आले. गिरणीचे मालक शेठ पुढं पुढं करत व्हते, चहा, खुर्ची, पंखा. सायबांनी उगं विचारायचं म्हणून विचारलं, "काय बायांनो, काही तक्रार?"

सगळ्या खाली माना घालून दाणे निवडत राहिल्या. मी सूप ठिवलं आन् उभी राहिले.

"सायेब, आम्हाला दहा तास काम पायजे."

सायेब हसले. "दहा? कमाल आहे. कायदा आठ तासांचा आहे, बाई. शेठ म्हणतात, तुम्ही आठच तास करता. तुम्हाला वाढवून हवेत का?"

मला काय कळंना. आठ? हे आठ कुठनं आलं? आप्पांनी तर दहाच सांगितले व्हते. मी म्हणले, "वाढवून कशाला? आताचं कमी करून दहा करा."

सायबांचं हसू तिथंच राहिलं. त्यांनी शेठकडं बघितलं, शेठनी बबनरावाकडं. बबनराव म्हणाला, "येडी हाय सायेब ती. डोक्यात बिघाड हाय."

मला वाटलं, संपलं. काम बी गेलं आन् पाटी बी गेली. तवर शेजारून गुडघ्यावर हात टेकून सोजरबाई उठल्या. पदर सारखा केला. म्हणाल्या, "येडी न्हाई ती. उजाडताना आम्ही येतो, दिवा लागल्यावर जातो. मी चार एकराची मालकीण हाय, खोटं बोलत न्हाई." त्यांच्यामागं सगळ्या बाया उठल्या. फरशीवर बसलेली एकबी राहिली न्हाई. त्या घडीला माझी छाती अशी भरून आली, की अजून सांगताना भरती.

सायबांनी शेठला तिथंच कायद्याची तंबी दिली. त्या दिवसापासून गिरणीत आठ तास झाले. शेठला मला काढायचं लई मनात व्हतं, पण एकीला काढलं तर समद्या उठत्यात हे त्यानं बघितलं व्हतं. बबनरावाचा हातोडा गेला. संध्याकाळचा टोला बायांनी द्यायचा असं ठरलं, आन् पहिला मला दिला. असा हाणला, स्टँडवरचे ड्रायव्हर बघाय आले.

आप्पा त्याच दिवशी सुट्टीला आलेले. त्यांना वाटंतच सांगितलं तवा ते पोट धरून हसले. "अगं, ती सव्वाशे वर्षांमागची गोष्ट. आमच्या रेल्वेत आठ-आठ तासांच्या पाळ्या हायत, मला वाटलं तुम्हाला ठावं असंल."

"आप्पा, बरं झालं न्हाई सांगितलं," मी म्हणले. "आठ मागितले असते तर शेठ म्हणाला असता, आठच हायत की."

त्या संध्याकाळी उन्हं असताना मी विहारात गेले. सोजरबाई माझ्यासंगट दारापातुर आल्या. पायरीपाशी थांबल्या. त्यांनी चपला काढल्या, आत आल्या आन् माझ्या शेजारी सतरंजीवर बसल्या. माझ्याच तांब्यातलं पाणी प्यायल्या.

आप्पांनी कोनाड्यातली पाटी काढून माझ्या हातात दिली. म्हणाले, "चांगुणा, पहिलं तुझं नाव शिकू."

"नाव मागनं," मी म्हणले. "आधी आठ लिवायला शिकवा."