तालात केलेली राखण

किशोरमास्तर दर गुरुवारी कर्जतहून जीपनं कशेळ्याला जात, आणि कोणी विचारलं तर सांगत, की तिथल्या लोकांना संगीताचं मार्गदर्शन करायला जातो. हे त्यांनी भजनी मंडळात सांगितलं, जीपवाल्याला सांगितलं आणि दोन-चार गुरुवारांनंतर स्वतःलाही पटवून दिलं. खरी गोष्ट एवढीच होती, की फाल्गुनात त्यांना लकव्याचा झटका आला, पाय सुधारला, उजवा हात राहिला, आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘संगीत उपचार, कशेळे’ असं लिहून दिलं होतं.

तीस वर्षं मंडळाची पेटी मास्तरांकडे होती. आता ती त्यांचाच विद्यार्थी स्वप्नील वाजवायचा. पण मास्तरांची घडी घातलेली घोंगडी पेटीमागं तशीच ठेवून, स्वतः कडेला तिरका बसून. कोजागिरीनंतर काकड आरती सुरू व्हायची होती. महिनाभर रोज पहाटे तिरकं बसून स्वप्नीलच्या पाठीचं काय होणार, म्हणून मंडळानं मास्तरांना विचारलं होतं, यंदा तुम्ही बसताय का? मास्तर म्हणाले होते, बसतो म्हणजे काय, बसणारच. ज्या हाताला शर्टाचं बटण लागत नव्हतं, त्या हाताच्या भरवशावर.

कशेळ्याच्या हॉलमध्ये सात-आठ जण गोल करून बसत. उपचार करणारी तेजश्री कळंबची, पुण्याला शिकून आलेली. तिची पद्धत अशी, की जो हंगाम चालू असेल त्याचे आवाज घरून आणायचे आणि सगळ्यांनी मिळून सुचेल तसं वाजवायचं. ना वही, ना ठरलेली चाल. मास्तरांना ही बालवाडी वाटे. शाळेतल्या सवयीनं ते मनातल्या मनात सगळ्यांना गुण देत. नंदाताईंचे हात थरथरत, त्या सूप आणत, त्यांना चार. आवडीबाईंची जीभ अडखळे, हसणं मात्र कधी अडखळत नसे, त्यांना तीन. वाडीवरचा म्हातारा जैतू पाय ओढत यायचा आणि पत्र्याचा डबा बडवायचा. त्याला दोन, तेही वयाकडे बघून. स्वतःला मास्तर नऊ देत. एक गुण विनयापोटी कापलेला.

त्या गुरुवारी रस्त्याकडेचं लवकर पिकणारं हळवं भात दाण्यावर आलेलं होतं, उशिराचं गरवं अजून हिरवं होतं. नंदाताईंनी सुपात मूठभर भात घोळवलं. पाखरांचा थवा उतरावा तशी सळसळ झाली. जैतूनं डब्यावर काठी हाणली आणि थांबला. बराच वेळ थांबला. मग लागोपाठ दोनदा. मग पुन्हा काहीच नाही.

मास्तरांना राहवेना. डाव्या हातानं मांडीवर ठेका धरून त्यांनी विचारलं, की जैतू, यात तुझी सम कुठं आहे?

“मास्तर, आमी पाखरं हाकतो,” जैतू म्हणाला. “पाखरू बसलं का हाणायचं.”

“पण मोजून हाणलंस तर ऐकायला बरं वाटेल.”

“पाखरांनाबी बरं वाटतं. मोजून वाजवलं का त्यांना कळतं, आता कवा वाजंल. मंग मधल्या टायमाला निवांत खात बसतात.”

सगळा गोल हसला. तेजश्रीनं हसू दाबलं आणि आजची राखण मास्तरांवर सोपवली. डबा त्यांच्या डाव्या काखेत दिला. काठीला फडकं गुंडाळून ती जाड केली आणि उजव्या मुठीत बसवली. सूप सळसळलं की पाखरं बसली असं समजायचं आणि मास्तरांनी हाणायचं, एवढाच खेळ.

मास्तरांनी मनात सोळा मात्रांचं आवर्तन धरलं आणि दर समेला डाव्या हातानं उजवं मनगट ढकलून हाणायला सुरुवात केली. नंदाताईंच्या हातांना मात्रा ठाऊक नव्हत्या. सूप एकदा तिसरीला सळसळलं, एकदा अकरावीला. मास्तरांची काठी दर खेपेला पाखरं जेवून, पाणी पिऊन गेल्यावर पोचली.

“मास्तर,” आवडीबाई एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, “तुमचं... हळवं... गेलं.”

“आता मळणी कशाची करता,” जैतू गंभीरपणे म्हणाला, “पेंढा घेऊन जा घरी.”

मास्तरांना खरोखरीच राग आला. रागाच्या भरात मोजायचं राहिलं, सूप सळसळलं, आणि आपण हाणलं हे त्यांना डब्याचा आवाज कानावर आल्यावर कळलं. झोपलेल्या कुत्र्यानं कान हलवला नसता इतका तो बारीक होता. काठीही लगेच सुटून जैतूच्या पायाशी गेली. पण हात उजवा होता, आणि एकटाच हलला होता.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जैतूनं काठी उचलली आणि पुन्हा त्याच मुठीत बसवली.

“येक उडालं,” तो म्हणाला. “थवा हाय आजून.”

परतीच्या जीपमध्ये मास्तरांनी गुण नव्यानं दिले. जैतूला नऊ. स्वतःला दोन, तेही वयाकडे बघून.

कोजागिरीच्या आदल्या संध्याकाळी ते देवळात गेले, पेटीमागची आपली घोंगडी उचलून डाव्या काखेत घेतली आणि स्वप्नीलला म्हणाले, की सरळ बस, पाठीला बाक येईल. स्वप्नील उठू लागला, तर त्याला खांदा दाबून बसवलं. मंडळाचे जुने टाळकरी भिवाजी बघत होते.

“का रं मास्तर? कशेळ्याचं शिकवणं वाढलं वाटतं?”

“शिकवत नाही रे मी. पेशंट आहे तिथं. पाखरं हाकायला बसवलंय मला.”

भिवाजींनी टाळाची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली.

“मग, जमतंय का?”

“हळवं तर सगळं खाऊन गेली,” मास्तर म्हणाले. “गरवं वाचतंय का बघू.”