बॉयलर पळून गेल्यास काय करावे

वेंडेलिनचा इंग्रजांवर राग नव्हता. पण गळतीच्या बाबतीत ही माणसं फार आळशी, असं त्याचं मत झालं होतं. नळ गळो, छप्पर गळो, गॅस गळो, बूट गळो, सगळ्यांना मिळून एकच शब्द. प्रकरण फारच हाताबाहेर गेलं तर गॅस ‘पळाला’ म्हणायचं, जणू तो शिक्षा भोगत होता. स्लोवाक भाषेत असं भागत नाही. नळाचं क्रियापद वेगळं, छपराचं वेगळं, कारण नळातलं पाणी जातं आणि छपरातलं येतं. बस चुकली तर ब्रेझ्नो गावचा माणूस ‘बस माझ्या हातून पळाली’ म्हणतो. म्हणजे दोष बसचा.

सध्या तो एका इंग्रजी बॉयलरची माहितीपुस्तिका स्लोवाकमध्ये आणत होता. भाषांतराच्या एजन्सीची अट अशी की एका इंग्रजी शब्दाला सगळीकडे एकच स्लोवाक शब्द हवा. दुसरा घातला की संगणक अख्खं वाक्य लाल करायचा. त्यांनी गळतीसाठी निवडला तो ‘पळणे’. वेंडेलिननं वाद घातला, हरला, आणि आता पुस्तिकेत नळ, सांधे, गॅस, सगळेच पळत सुटले होते.

वाक्य जमलं की नाही ते तो सासूबाईंना वाचून दाखवून ठरवायचा. मार्गिताबाई त्यांच्याकडेच राहायच्या आणि त्यांना फुकट मत द्यायला आवडायचं.

“आई, ऐका. बॉयलर पळत असल्यास खिडक्या उघडाव्यात.”

“उघडाव्यात?” मार्गिताबाई शेगडीपाशी होत्या. “पळणाऱ्याला कुणी खिडकी उघडून देतं होय रे? बंद करा म्हणावं.”

“इंग्रजांनी लिहिलंय.”

“मग जाऊ दे त्यांचा बॉयलर. त्यांची तीच लायकी.”

वेंडेलिन हसला. आज त्याला हसायला फार कारण लागत नव्हतं, कारण आज त्याची बायको डोरोटा येणार होती. ती ऑस्ट्रियात एका म्हाताऱ्याची शुश्रूषा करायची. दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. त्यांच्या इमारतीतल्या निम्म्या बायका अशाच जायच्या-यायच्या. या खेपेला मात्र ती मधली सुटी न घेता तिकडेच राहिली. फोनवर म्हणाली, “आल्यावर बोलू.” स्वयंपाकघरातल्या फरशीबद्दल असेल, असं वेंडेलिननं ठरवून टाकलं. त्यानं दाढी केली, अक्रोडाचा केक आणला. तिनं यावं आणि राहावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

तळणाचा वास आला. मार्गिताबाई पावाच्या चुऱ्यात घोळवलेले मांसाचे काप तळत होत्या. लेक येणार म्हणून आई तळतेय, किती बरं वाटलं त्याला! मग त्यानं पाहिलं, त्या ते काप पावात घालून चंदेरी कागदात गुंडाळत होत्या. कडा नीट दुमडून.

कागदात गुंडाळलेले काप हे घरी येणाऱ्यासाठी नसतात. ते सहलीला निघालेल्या पोरांना देतात, समुद्रावर जाणाऱ्यांना देतात, पलटणीत निघालेल्याला देतात. येणाऱ्याला ताट वाढतात.

“आई, कोण चाललंय?”

“कुणी नाही. उरलेत.”

“आत्ताच तर तळलेत.”

“तरी उरले,” मार्गिताबाई म्हणाल्या, आणि वळल्या नाहीत.

तेवढ्यात दार वाजलं. डोरोटानं बूट काढले. तिच्या हिरव्या सपाता तिथेच होत्या. तिनं खालच्या फळीवरच्या, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सपाता घातल्या. खाली गाडीचं इंजिन चालूच होतं.

“म्हातारा गेला,” ती म्हणाली.

“अरेरे. मग आता तिकडे कुणाची काळजी घेणार?”

“त्याच्या मुलाची.”

“त्याला काय झालंय?”

“काही नाही.”

वेंडेलिननं थोडा विचार केला. “म्हणजे धडधाकट आहे?”

“हो, वेंडेल.”

“मग माझी घे ना. मला तर पुष्कळ काय काय झालंय.”

ती हसेल असं त्याला वाटलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती कपाटाकडेच गेली. बॅग भरायला तिला फार वेळ लागला नाही. बरंचसं सामान आधीच्या फेऱ्यांत हळूहळू गेलेलं होतं. ते त्याला आज दिसलं.

“आणि आई?” त्यानं विचारलं.

“ती येत नाही म्हणते. तिकडचं पाणी सोसत नाही.”

“त्या कधी गेल्यात तिकडे?”

“तेच तर.”

मार्गिताबाईंनी कागदाची पुडी लेकीच्या हातात कोंबली आणि म्हणाल्या, “गरम आहेत तोवर खा.” मिठी मारली नाही. वेंडेलिन बॅग उचलायला पुढे झाला, तर डोरोटानं “राहू दे” म्हटलं, इतक्या हळुवारपणे की त्यापेक्षा तिनं थोबाडीत मारलेली परवडली असती.

दार लागलं. तो बाल्कनीत गेला. मार्गिताबाई आत पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

“मी नाही बघत,” त्या म्हणाल्या. “तू सांग. वर बघितलं का तिनं?”

खाली ड्रायव्हर बॅग चढवत होता. डोरोटा फोनवर बोलत होती आणि कशाला तरी हसली. मग ती आत बसली.

“बघितलं,” वेंडेलिन म्हणाला.

“हात केला?”

“केला. तुम्हाला विचारत होती. खुणेनं.”

“रडत होती का रे?”

“थोडीशी.”

“खोटं बोलू नकोस.”

गाडी वळणावर दिसेनाशी झाली.

“खूप रडत होती, आई,” तो म्हणाला. “ड्रायव्हरला थांबावं लागलं.”