पुढच्या खोलीची लाईन

माझा धाकटा भाऊ घरोघरी सोलरच्या बॅटऱ्या बसवतो. तोंडाने भारी फुशारक्या. पण यांना घरी ऑक्सिजनचं मशीन लागलं आणि लाईट गेली की माझा जीव टांगणीला लागायचा, तेव्हा तोच धावून आला. छपरावर पॅनेल चढवली, जिन्याखाली बॅटरी बसवली. म्हणाला, ताई, आता निर्धास्त राहा. बॅटरी किती भरली, किती उतरली, ते त्याला कुठूनही मोबाईलवर दिसायचं.

अख्खं घर ओढायला ती पुरणार नव्हती, म्हणून त्याने फक्त मागच्या खोलीची आणि फ्रिजची लाईन तिला जोडली. मशीन मागच्याच खोलीत होतं ना. तुला तेव्हाच समजावून सांगितलं होतं, असं तो आता म्हणतो. सांगितलं असेल. मी यांचा घाम पुसत होते, वायरींचं कोण ऐकतंय?

मग यांनी हट्ट धरला. मागच्या भिंतीचे पोपडे पाठ झालेत, मला रस्ता दिसू दे. आजारी माणसापुढे काय बोलणार? शेजाऱ्याला हाताशी घेऊन मी पलंग आणि मशीन पुढच्या खोलीत आणलं. हे कितीतरी दिवसांनी हसले. रस्त्यावरच्या भटक्या कुत्र्याचंसुद्धा यांना कौतुक.

त्या संध्याकाळी, ऊन गेल्यावर, मी औषधांच्या दुकानात रांगेत होते. दुकानातले दिवे गेले. घरी पळणारच होते, पण लगेच आठवलं, घरी बॅटरी आहे. तेवढ्यात धाकट्याचा फोन आला. स्वारी खुशीत होती.

"ताई, तुमच्याकडे लाईट गेलीय, पण बॅटरी उतरतच नाहीये बघ. कसला माल बसवलाय मी!"

माझा जीव भांड्यात पडला. रांग सोडली नाही. बॅटरीवर आता फ्रिजशिवाय काही चालतच नव्हतं, तर उतरणार कशी? त्या शहाण्याला खटकायला हवं होतं. पण बॅटरी टिकली की बॅटरीवाल्याला आनंदच होतो. आणि पलंग हलवल्याचं मी तरी त्याला कुठे सांगितलं होतं?

घरी आले तेव्हा मशीन ओरडून ओरडून गप्प झालं होतं. हे खिडकीकडे तोंड करून पडले होते. अंग अजून कोमट होतं.

सगळं उरकल्यावर धाकटा हत्यारांची पिशवी घेऊन आला आणि पुढच्या खोलीत वायर ओढायला लागला.

"आता कुणासाठी रे?" मी विचारलं.

 तो नाक ओढत भिंतीला भोकं पाडत राहिला. मला त्याचा असा संताप आला होता की पिशवीसकट बाहेर काढावं. पण त्याच्या हातातून वायर सारखी सुटत होती. मी खाली बसले आणि दुसरं टोक धरलं.