ताई, ओटीपी!

दुपारच्या सुट्टीत सगळा विभाग रिकामा असताना ताईचा फोन टेबलावर थरथरला. घास हातातच ठेवून तिने डब्यापलीकडे मान वाकवून पाहिलं. ओटीपी आला होता. खाली लिहिलेलं होतं, विभागप्रमुखांच्या लॉगिनसाठी.

सवयीने तिने दाराकडे बघितलं. आता हाक यायला हवी होती.

हाक आली नाही.

या हाकेची गोष्ट आधी सांगायला हवी. विद्यापीठाच्या कॉम्प्युटर सेंटरने एकदा फर्मान काढलं, की यापुढे नुसत्या पासवर्डावर कुणाचं अकाउंट उघडणार नाही. ज्याच्या त्याच्या फोनवर दर वेळी नवा ओटीपी येईल, तो टाकला तरच आत जाता येईल. फर्मानात वाईट काहीच नव्हतं. पण विभागातल्या प्राध्यापकांना चार दिवसांत त्याचा वीट आला. एकाचा फोन गाडीत राहायचा, एका मॅडमना चष्म्याशिवाय आकडे दिसायचे नाहीत, एकाला वर्गात फोन वाजलेला खपायचा नाही. शेवटी विभागप्रमुखांनी तोडगा काढला. "त्यात काय एवढं? सगळ्यांनी ताईंचा नंबर टाका. त्या बसलेल्याच असतात."

बसलेल्याच असतात! ताई विभागाची कारकून. ती बसलेली असते म्हणून तो विभाग उभा होता. पण हे कोण कुणाला सांगणार? नोकरी कंत्राटी. कंत्राटी माणसाला मान असते ती फक्त हलवायला.

तेव्हापासून विभागातल्या सगळ्या अकाउंटांच्या चाव्या तिच्या एका फोनवर लटकल्या. प्राध्यापक आपापल्या खोलीतून ओरडायचे, "ताई, ओटीपी!" आणि ताई पाढे म्हटल्यासारखे हेल काढून आकडे ओरडायची. लांबलचक कॉरिडॉर, टोकाला जिना, जिन्यावर कायम पोरं बसलेली. ती हसायची. ताईची स्वतःची लेक याच विभागात शेवटच्या वर्षाला होती, तीही घरी जेवताना मीठ हवं असलं की सरांसारखा घसा खरवडून म्हणायची, "ताई, ओटीपी!" मायलेकी पोट धरून हसायच्या.

पासवर्डांची तर गोष्टच काढायला नको. विभागप्रमुखांचा पासवर्ड त्यांच्याच कॉम्प्युटरच्या कपाळावर पिवळ्या चिठ्ठीवर चिकटवलेला. बाकीच्यांचे म्हणजे विभागाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. शिकल्यासवरल्या माणसांची ही तऱ्हा. घरच्या कपाटाला तीन कुलपं लावतील, आणि हजार पोरांचे मार्क उघड्या दारात ठेवून चहाला जातील.

फोन पुन्हा थरथरला. पुन्हा सरांचंच अकाउंट. मागचा ओटीपी न वापरता गेला, म्हणून कुणीतरी नवा मागवला होता.

कुणीतरी म्हणजे कोण? सर तर मुख्य इमारतीत मीटिंगला गेले होते. ताई उठून त्यांच्या खोलीत डोकावली. खुर्ची रिकामी, कॉम्प्युटर बंद, चिठ्ठी जागेवर. तिने सरांना फोन लावला. वाजत राहिला. उचलला नाही.

आज संध्याकाळी शेवटच्या वर्षाचे मार्क बंद व्हायचे होते. एकदा बंद झाले की ब्रह्मदेवालाही बदलता येत नाहीत. म्हणजे ज्याला काही करायचं असेल त्याला आजच करायला हवं, हे ताईच्या डोक्यात आलं आणि जागेवर येऊन तिने अर्धा खाल्लेला डबा मिटून टाकला.

तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी.

"ताई, ओटीपी!" दबका, घाईचा आवाज. "मीटिंगमध्ये आहे, फोन दुसऱ्याचा आहे. लवकर."

जीभ सवयीची गुलाम. डोकं काही म्हणायच्या आत तिने आकडे सांगूनही टाकले, तोच हेल, तोच सूर.

"आभारी आहे हं, ताई," पलीकडचा म्हणाला आणि फोन बंद झाला.

ताई खुर्चीत टेकली. पाणी प्यावं म्हणून तिने बाटली उचलली, आणि बाटली तोंडाशीच राहिली.

आभारी?

सरांनी आजवर तिचे आभार मानले नव्हते. तिच्या बापाच्या दहाव्या दिवशी घरी फोन करून त्यांनी ओटीपी मागितला होता, तेव्हासुद्धा "हं" म्हणून फोन ठेवला होता. हा माणूस मरताना पाणी पाजणाऱ्याचेही आभार मानणार नाही. मग आत्ता बोलला तो कोण होता?

तिने तोच नंबर परत लावला. बंद. कुणीतरी या घटकेला सरांच्या अकाउंटात बसलं होतं, दार तिनेच उघडून दिलं होतं, आणि कोण आहे ते तिला ठाऊक नव्हतं. पण त्याला ती ठाऊक होती. ताई ठाऊक होती, हाक ठाऊक होती, हाक मारली की ती विचार न करता बोलते हेही ठाऊक होतं. म्हणजे हा लांबचा चोर नव्हे. या कॉरिडॉरमध्ये रोज वावरणारा कुणीतरी.

आणि मग दुसरा विचार आला, तो पहिल्यापेक्षा घाण होता.

लेक मागच्याच आठवड्यात रडली होती. "आई, एक पेपर पार गेला गं. मी बहुतेक राहणार." सकाळी तिने ताईचा फोन मागून घेतला होता, कसलासा फोटो पाठवायचाय म्हणून. घरी तिच्याबरोबर अभ्यासाला एक लंबू मुलगा यायचा, तोंडाने गोड, येता-जाता "काकू, आभारी आहे हं" म्हणणारा.

ताईने लेकीला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग लावतच राहिली, जशी माणसं बंद दारावर मुठी आपटत राहतात तशी. 'लायब्ररीत असेल, फोन मुका करून ठेवला असेल,' ती स्वतःला समजावत होती. पण समजूत घालणारी तीच आणि ऐकून न घेणारीही तीच.

"काय हो, फोन कशाला केला होतात?"

दारात विभागप्रमुख उभे होते. हातात त्यांचा स्वतःचा फोन.

"सर, तुम्ही मघाशी ओटीपी मागितलात?"

"मी? मी मीटिंगमध्ये होतो."

ताईने सगळं सांगितलं. सरांचा चेहरा चुन्यासारखा झाला. धावत जाऊन त्यांनी कॉम्प्युटर लावला, चिठ्ठीवरून पासवर्ड टाकला. चुकीचा पासवर्ड. पुन्हा टाकला. चुकीचा. आतल्या माणसाने कुलूपच बदललं होतं.

ताईचा फोन थरथरला. या वेळी दुसऱ्या प्राध्यापकाचं अकाउंट. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तो थांबला नव्हता. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत चालला होता.

"कॉम्प्युटर सेंटरला कळवते," ताई म्हणाली. "ते सगळं लॉक करतील."

"थांबा!" सरांनी दार लोटून घेतलं. "डोकं ठिकाणावर आहे का? पहिला प्रश्न काय विचारतील? सगळ्यांचे ओटीपी एकाच फोनवर कसे?"

"तुम्हीच म्हणालात—"

"मी तोंडी म्हणालो. कागदावर आहे कुठे?" त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघा ताई, ते मेसेज आधी पुसून टाका. मी संध्याकाळी ओळखीच्या माणसाला सांगून बघतो. आणि तुमची मुलगी शेवटच्या वर्षाला आहे ना? फोन तुमचा, मुलगी तुमची. बोट कुणाकडे जाईल, जरा विचार करा. मी तुमच्याच भल्याचं सांगतोय."

चोर आत कुणी दुसराच, आणि फास हिच्या गळ्यात. ताईला ते स्वच्छ दिसलं. त्याहून वाईट म्हणजे, सर बोलले त्यातलं अर्धं तिने स्वतःच मनात बोलून टाकलं होतं. गप्प बसलं तर लेक वाचेल? की गप्प बसल्यामुळेच सापडेल? आणि लेक खरंच असेल तर?

फोन वाजला. अनोळखी नंबर. तिने घाबरत स्पीकर लावला.

"ताई, ओटीपी!" तोच दबका आवाज. "लवकर हं, वर्ग चालू आहे."

सरांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. ताई त्या आवाजात लंबू शोधत होती. आहे म्हटलं तर होता, नाही म्हटलं तर नव्हता. दबलेले सगळे आवाज सारखेच.

"कोण तू?" ताईने विचारलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

पलीकडे नुसता श्वास ऐकू आला. मग फोन बंद.

आता जे व्हायचं ते होऊ दे, असं माणूस शौर्याने म्हणत नाही. भीती सहन होईनाशी झाली की म्हणतो. ताईने कॉम्प्युटर सेंटरचा नंबर फिरवला. सर "अहो, अहो" करत हात पुढे आणत होते, तिने पाठ फिरवली.

"आमच्या विभागातली सगळी अकाउंटं बंद करा. आत्ता. आत कुणीतरी शिरलंय. हो, ओटीपी मीच सांगितला. सगळ्यांचे माझ्याच फोनवर येतात. हो, सगळ्यांचे. शिव्या मागाहून द्या, आधी बंद करा!"

थोड्या वेळाने कॉम्प्युटर सेंटरचा माणूस स्वतः आला. टक्कल, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर पाहुण्यांच्या पोरांनी भिंत रंगवल्यावर येतो तसा राग. त्याने लॅपटॉप उघडला.

"शेवटच्या वर्षाचंच पान उघडलं होतं त्याने. पण एकट्या प्रमुखांच्या सहीवर मार्क बदलत नाहीत, दुसऱ्या परीक्षकाचीही मंजुरी लागते. म्हणून दुसरं अकाउंट हवं होतं. ते मिळालं असतं तर काम झालं असतं."

"म्हणजे बदललं काही नाही?" ताईने विचारलं.

"नाही. वाचलात. पण शेवटच्या वर्षाचाच कुणीतरी आहे, एवढं नक्की." त्याने हात पुढे केला. "फोन द्या. चौकशीला लागेल."

तिने फोन दिला, आणि नेमकं त्याच वेळी दार उघडलं. खांद्यावर पिशवी, केस विसकटलेले, जिना चढून धापा टाकत लेक आत आली. कोण बसलंय ते न बघताच, सरांसारखा घसा खरवडून, नेहमीच्या मस्करीत म्हणाली:

"ताई, ओटीपी!"



विभागप्रमुख हळूहळू उभे राहिले. बुडणाऱ्याच्या हाताला फळी लागावी तसा त्यांचा चेहरा उजळला. "ऐकलंत ना? शेवटचं वर्ष. घरात फोन. आणि वाक्यसुद्धा पाठ!"

सेंटरचा माणूस लेकीकडे पाहत राहिला. लेकीचं हसू ओठांवरच वाळलं. "आई? काय झालं?"

ताई कुणाची शपथ घेणार? पोटची पोर आहे, ती असं करणार नाही, हे तीच तासाभरापूर्वी विसरली होती ना?

ती उठून दाराबाहेर गेली. कॉरिडॉरच्या टोकाला, जिन्यावर, नेहमीसारखी पोरं दाटीवाटीने बसली होती. ताईने छाती भरून श्वास घेतला आणि सरांच्याच थाटात ओरडली:

"ताई, ओटीपी!"

जिन्यावरून हशा फुटला, आणि पाच-पंचवीस गळ्यांनी ताईचाच हेल काढून उत्तर दिलं, "चाऽर... नऊऽ... शून्यऽ..." कुणी टाळ्या वाजवल्या. कुणी वरच्या मजल्यावरून सरांसारखं "हं!" केलं.

सेंटरचा माणूस दारात येऊन ऐकत होता. त्याने विभागप्रमुखांकडे वळून विचारलं, "हे रोज चालतं?"

सर चष्मा पुसायला लागले. काच स्वच्छच होती.

"फक्त पोरीला पाठ आहे म्हणता," ताई म्हणाली. "अख्ख्या इमारतीला पाठ आहे, सर. शिकवलंय तुम्ही. आकडे मात्र मी म्हणायची."

ती कठड्याला धरून उभी राहिली. समोर सगळे हसरे चेहरे, ओळखीचे. कुणाला तिने अर्ज भरून दिला होता, कुणाची फी-पावती शोधून दिली होती. लंबूही होता त्यांत, सगळ्यांसारखाच हसत. यांतलाच एक तो. कुठला? ती एकेक तोंड बघत गेली आणि प्रत्येक तोंडाला तिने तो आवाज लावून पाहिला. सगळ्यांना बसत होता.

संध्याकाळी मायलेकी घरी निघाल्या. उद्या चौकशी होती, नोकरी राहील की जाईल ते तेव्हाच कळणार होतं. फाटकापाशी लेकीने लायब्ररीत मुका करून ठेवलेला आपला फोन काढला, न उचललेल्या फोनांची रांग पाहिली आणि थांबली.

"आई, एवढे फोन मला का केलेस?"

ताईला खोटं सुचलं होतं. चांगलं खोटं, तब्येतीचं. पण दिवसभराच्या खोट्यानाट्याचा तिला वीट आला होता.

"वाटलं, तूच असशील."

फोन पिशवीत टाकून लेक चालायला लागली, एरवी चालायची तशी आईच्या बरोबरीने नव्हे, थोडी पुढे. ताईने मागून हाक मारायला तोंड उघडलं. पण तिला भीती वाटली, की हाकेला ओ मिळाली नाही तर काय करायचं.