टपालबाईंचं ठिगळ

“रागावू नका मामा,” मॅडम म्हणाल्या, “पण गाडीची किल्ली तेवढी टेबलावर ठेवा.”

“रागावू नका म्हणता आणि किल्ली मागता.”

टपालबाई त्या वेळी टेबलाखाली होत्या. मॅडमच्या कॉम्प्युटरची वायर सैल झाली होती, ती खोचायला त्या गुडघ्यांवर बसून आत शिरल्या होत्या, आणि असलं बोलणं सुरू झाल्यावर बाहेर कसं यावं ते त्यांना कळेना. तिथून मामांचे फक्त पाय दिसत होते. वर्गात उभं केलेल्या मुलासारख्या त्यांनी टाचा जुळवल्या होत्या.

“त्या घराचा पत्ता तिघांनाच माहीत,” मॅडम म्हणाल्या. “मला, तिथल्या व्यवस्थापक बाईंना आणि तुम्हाला. तुम्ही तिथे सोडलेल्या बाईचा नवरा काल फाटकाशी येऊन उभा राहिला. मुलीला हाका मारत होता. त्याला कळलं कुठून?”

“मला काय विचारता? मी तर त्याचं तोंडही बघितलेलं नाही.”

“कुणाशी बोलता बोलता निघालं असेल. चहाच्या टपरीवर, पेट्रोल भरताना.”

किल्ली टेबलावर ठेवल्याचा आवाज टपालबाईंना डोक्यावर ऐकू आला. मग ते पाय वळले. दारात स्वयंपाकघरातल्या बायका जमल्या होत्या. त्या बाजूला सरकल्या, जरा जास्तच सरकल्या, आणि मामा त्यांच्यामधून निघून गेले.

घर सोडून आलेल्या बायकांना आसरा देणारी ती संस्था मॅडम चालवत. जिला फारच धोका असेल तिला संस्थेची गाडी चालवणारे मामा दुसऱ्या गावातल्या एका घरी नेऊन सोडत. त्या घराचा पत्ता कुठे छापलेला नव्हता. पंधरवड्यापूर्वी मामांनी तिथे एका बाईला आणि तिच्या मुलीला सोडलं होतं. काल नवरा उगवला. पोलीस येईपर्यंत तो निघूनही गेला, आणि त्या दोघींना परत आणायला मामांनाच जावं लागलं. आता त्या वरच्या खोलीत होत्या.

टपालबाई संस्थेचा मेल सांभाळत. त्यांनी आयुष्यात कधी पाकिटावर तिकीट चिकटवलं नसेल, पण नाव पडलं ते पडलंच. घरी त्या आणि त्यांची विधवा वहिनी, दोघीच. शेजारणी विचारत, तुमची नणंद काय करते? वहिनी म्हणायची, “कॉम्प्युटरला ठिगळं लावते.” हे अगदी खोटंही नव्हतं. मेलच्या प्रोग्रॅममध्ये कुठे भोक सापडलं की तो बनवणारे लोक दुरुस्ती पाठवतात. ती दुरुस्ती, म्हणजे अपडेट, वेळच्या वेळी टाकणं हे टपालबाईंचं मुख्य काम. हे काम नीट झालं तर झाल्याचं कुणाला कळतही नाही, आणि टपालबाईंना त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं.

मागच्या महिन्यात असंच एक भोक निघालं होतं. एरवी आपण पत्र उघडतो, वाचतो, मिटतो. पत्र आपल्याला काही करू शकत नाही. या भोकामुळे ते करू शकत होतं. नुसतं उघडलं तरी त्यात दडवलेली सूचना वाचणाऱ्याच्या नावाने कामाला लागे, जणू पत्रच वाचणाऱ्याचा हात धरून त्याची सही करून घेतंय. अपडेट आला त्याच दिवशी टपालबाईंनी तो टाकला, दोनदा तपासला आणि सगळ्यांना नेहमीचा निरोप पाठवला: दुरुस्ती झाली आहे, आता निर्धास्त मेल वापरावा.

टेबलाखालून बाहेर येऊन त्या जिन्याकडे गेल्या. वरच्या मजल्यावरचं नेट बंद पडल्याची तक्रार होती. जिन्यात ती मुलगी बसली होती. कठड्याचा रंग नखाने खरवडत होती.

“टपालमावशी, मामांना मॅडम ओरडल्या का?”

“नाही गं. बोलत होत्या.”

“आई म्हणते मामांनीच सांगितलं बाबांना.” मुलीने रंगाचा एक मोठा पापुद्रा उचकटला. “मामांना तर आमच्या बाबांचं नावपण माहीत नाही. मला म्हणाले होते, तू सांगू पण नकोस, माझ्या पोटात काही राहत नाही.”

टपालबाईंना हसू आलं, आणि मग ते बरं वाटेना.

“तू घाबरू नकोस हं. इथली दारं भक्कम आहेत. आतून अडसर आहे, कडी आहे.”

“कडी लावून काही होत नाही.”

“का बरं?”

“आमच्याकडे पण होती ना. आई आणि मी बाजारातून आलो. आईने कडी लावली, वरून खुर्ची पण लावली. मग आत गेलो तर बाबा पलंगावर बसलेले.” ती थांबली. “बूट घालून.”

टपालबाई एक पायरी चढल्या, दुसरीवर पाय ठेवला आणि तिथेच थांबल्या. मग नेटची तक्रार तशीच सोडून खाली आल्या. मुलगी वरून म्हणाली, “काय विसरलात?” पण त्यांनी ऐकलं नाही.

आपल्या खोलीत जाऊन त्यांनी मॅडमच्या खात्याच्या सेटिंग उघडल्या. पत्रं आपोआप वेगवेगळ्या कप्प्यांत जावीत म्हणून तिथे नियम करून ठेवता येतात. मॅडमनी केलेले नियम ओळीने दिसत होते: देणगीदार, पोलीस, कोर्ट. शेवटी पडद्यावर धुळीचा एक कण होता. टपालबाईंनी तो बोटाने पुसला. तो गेला नाही. पुन्हा पुसला. मग त्यांनी त्याच्यावर क्लिक केलं.

तो नियम होता. नाव म्हणून नुसतं एक टिंब दिलेलं. मॅडमना येणाऱ्या प्रत्येक पत्राची एक प्रत बाहेरच्या कुठल्याशा पत्त्यावर जात होती. नियम बनवल्याची तारीख अपडेटच्या आधीची होती. त्या दिवशीची पत्रं टपालबाईंनी चाळली. एक साधं, दोन ओळींचं पत्र सापडलं: आमच्याकडे चांगल्या स्थितीतले जुने कपडे आहेत, संस्थेला द्यायचे आहेत, कुठे आणून द्यावेत? मॅडमनी ते उघडलं त्याच मिनिटाला टिंबाचा नियम तयार झाला होता, आणि उत्तरात त्यांनी आभार मानले होते. आपला नवरा एका कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करतो, हे मुलीच्या आईने आल्या दिवशीच सांगितलं होतं.

टपालबाईंनी त्या नियमाची पोलिसांसाठी नक्कल ठेवली, नियम पुसला, सगळ्यांची खाती सगळीकडून लॉग-आउट केली, पासवर्ड बदलायला लावले. हे सगळं अपडेट टाकला त्याच दिवशी करायचं काम होतं. हात आपले आपण चालत होते. मग त्या मॅडमकडे गेल्या.

“तू तर म्हणालीस दुरुस्ती झाली,” मॅडम म्हणाल्या.

“झाली. त्याच दिवशी झाली. पण तो आधीच येऊन बसला होता. मी भोक बुजवलं आणि आत कोण आहे ते बघितलंच नाही.”

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मी त्या घराचा पत्ता कधी मेलवर मागवत नाही. जुना पत्ता बदलला, म्हणून यंदा मागवला. व्यवस्थापक बाई नको म्हणत होत्या. मीच म्हटलं, पाठवा हो, आमची टपालबाई म्हणतेय निर्धास्त वापरा.”

टपालबाई त्या चष्म्याकडे बघत राहिल्या.

“हे बघ,” मॅडम आवाज खाली आणून म्हणाल्या, “आत्ता बाहेर बोलू नकोस. बायका आधीच धास्तावल्यात. पत्रं फुटली म्हटलं तर उद्या इथे एकही राहायची नाही. मामांना मी दोन दिवसांनी शांतपणे बोलावून घेते.”

“त्यांना तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत ना मॅडम?”

मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“मग मीही सगळ्यांसमोरच सांगते.”

जेवणाच्या वेळी टपालबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. सगळ्यांसमोर बोलायची त्यांना सवय नव्हती. पहिल्यांदा बोलल्या ते भांड्यांच्या आवाजात कुणाला ऐकूच गेलं नाही, त्यामुळे तेच पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. मामांनी काही केलेलं नाही. चूक माझ्या कामात झाली. ताटावरून मान वर करून एकीने विचारलं, “म्हणजे आमच्याबद्दलचंही वाचलं त्याने?”

“मॅडमना जे आलं असेल ते वाचलं असेल. आणखी कुणाच्या खात्यात असं काही आहे का ते बघतेय. एकेक उघडून बघतेय.”

“बघा बाई,” ती म्हणाली, आणि घास न घेता नुसती भात चिवडत राहिली.

वरच्या खोलीत ती बाई मुलीचे फ्रॉक घडी करून पिशवीत भरत होती. दुपारनंतर त्यांना आणखी लांब हलवायचं ठरलं होतं. टपालबाईंनी बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं.

“म्हणजे मामा नव्हते,” बाई म्हणाली.

“नाही.”

“काल आणायला आले तेव्हा ते हिची पिशवी घ्यायला वाकले. मी म्हटलं, माझ्या पोरीपासून लांब व्हा.” ती फ्रॉकची घडी मोडून पुन्हा घालू लागली. “पूर्ण रस्ताभर एक अक्षर बोलले नाहीत. हिने काही विचारलं तरी नुसती मान हलवायचे. घरातून निघाल्यापासून ही दुसऱ्या कुठल्या बाप्याशी बोललेली नाही. फक्त त्यांच्याशी.”

मुलगी खिडकीशी उभी राहून ऐकत होती. “मामा येणार सोडायला?”

टपालबाईंनी मामांना फोन लावला. पलीकडे वाजत राहिला.

“त्यांना बोलवा ना,” बाई म्हणाली. “मला माफी नाही मागता येणार कदाचित. पण त्यांच्या गाडीत बसले तर त्यांना कळेल.” मग तिने टपालबाईंकडे नीट पाहिलं. “आणि चुकलं ते तुमचं.”

“हो.”

“नवीन जागा तुम्हाला माहीत आहे?”

“नाही.”

“बरं झालं.”

टपालबाई मॅडमकडून किल्ली घेऊन बसने मामांच्या घरी गेल्या. जाताना त्यांनी आणखी दोनदा फोन लावून पाहिला. मामा दारासमोरच्या कट्ट्यावर बसून एक मोडकी छत्री दुरुस्त करत होते. फोन आत ठेवला होता, ऐकू आला नाही म्हणाले. खरं असेल किंवा नसेलही. टपालबाईंनी सांगितलेलं सगळं त्यांनी छत्रीची तार वाकवत ऐकलं. टिंबाचं ऐकून हात थांबला.

“एवढंसं?”

“एवढंसं. मला धूळ वाटली.”

“मॅडमनी पाठवलं का तुला?”

“त्यांनी किल्ली दिली. त्या स्वतः येणार आहेत उद्या, म्हणाल्या. पण गाडी आज निघायचीय मामा. त्या दोघी म्हणतात तुम्हीच सोडा. पोरगी विचारतेय.”

किल्ली टपालबाईंच्या हातातच राहिली. मामांनी ती घेतली नाही.

“पोरगी काय, विचारणारच,” ते म्हणाले. “हे बघ, मी कुणावर रागावलेलो नाही. ती बाई म्हणाली ते बरोबरच म्हणाली, तिच्या जागी मी असतो तर मीही म्हणालो असतो. पण आता मी ती गाडी चालवायला बसलो ना, तर रस्त्याकडे कमी बघेन आणि आरशात जास्त. मागची माझ्याकडे कशी बघते ते बघत राहीन. असल्या माणसाने बायकांना घेऊन लांबचं जाऊ नये.”

“सवय होईल परत.”

“होईल. तिलाही होईल, मलाही होईल. आज नाही.” त्यांनी छत्री उघडून पाहिली; एक बाजू लोंबत राहिली. “बरं, एक सांग त्यांना. त्या पोरीला गाडीत मळमळतं. मागे नाही बसवायचं, पुढे खिडकीशी. निघायच्या आधी काही खायला देऊ नका. लाजते, सांगत नाही ती. मधेच चेहरा पांढरा पडतो, तेव्हा थांबायचं.”

टपालबाईंनी तिथूनच मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, “अगं, भाड्याची गाडी मिळाली, त्या केव्हाच गेल्या. थांबून चालणार नव्हतं.”

“निघाली गाडी,” फोन ठेवून टपालबाई म्हणाल्या.

“हं,” मामा म्हणाले. “जेवणं झाली होती त्यांची?”

“झाली होती.”

मामांनी छत्री मिटली.

संध्याकाळ होत आली होती. टपालबाई उठल्या तसे मामाही उठले. स्टॉप दोन वळणांवर होता, रस्ता वाहता होता, तरी ते सोबत निघाले; रहदारीच्या बाजूने चालत राहिले. बस उभीच होती. टपालबाई चढल्या, खिडकीशी बसल्या. ड्रायव्हर खाली उतरून कुणाशी तरी गप्पा मारत होता, निघायचं नाव घेईना. मामा खाली फुटपाथवर, खिडकीसमोर उभे राहिले. टपालबाईंनी हाताने खूण केली, जा तुम्ही. मामांनी मान हलवली, नाही. थोड्या वेळाने टपालबाईंनी पुन्हा खूण केली. मामांनी पुन्हा मान हलवली, आणि बस सुरू होऊन धुराचा पहिला लोट अंगावर आला तरी ते तिथेच उभे होते.